निरोपांची रांग आणि तिच्यावरील पहारा
(एका माजी विद्यार्थ्याकडून)



मुख्याध्यापकांच्या खोलींतून एखादी सूचना निघाली म्हणजे शिपाई सूचनेची वही काखेंत मारून वर्गावर्गांतून फिरतो. शिक्षक ती वाचून दाखवितात, समासांत सही करतात, आणि शिपाई पुढच्या वर्गाकडे वळतो. ह्या साध्या व्यवहारांत तीन गोष्टी आहेत. लिहिणाऱ्यास वाचणाऱ्याची वाट पाहत उभें राहावें लागत नाहीं. वाचणारा हातांतलें गणित पुरें करून मग वही घेतो. आणि सही झाल्यावांचून सूचना पोंचली असें कोणी मानीत नाहीं. शाळा सोडून मला बरींच वर्षें झालीं. पोटासाठीं मीं जें काम पत्करलें तें ह्या वहीचेंच आहे. मात्र ही वही संगणकांत असते, आणि तिचा शिपाई एका सेकंदांत शेंकडों वर्ग फिरून येतो. त्या वहीवर पहारा कसा बसवावा हें मला एका रात्रीच्या ठेंचेनंतर कळलें. तें येथें सांगतों.

रक्ताची तपासणी झाल्यावर तिचा निकाल हल्लीं घरच्या मोबाइलवर येतो, हें तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तपासणीचें यंत्र तो निकाल थेट मोबाइलकडे धाडीत नाहीं. यंत्राजवळचा एक प्रोग्रॅम निरोप लिहितो व रांगेंत ठेवून मोकळा होतो. त्यास आपण धाडणारा म्हणूं. दुसरा प्रोग्रॅम रांगेच्या तोंडाशीं बसलेला असतो, तो उचलणारा. तो एकेक निरोप उचलतो, संदेश पाठवितो, आणि काम झालें कीं रांगेला पोंच देतो. पोंच मिळाली म्हणजे रांग तो निरोप पुसून टाकते. पोंच देण्यापूर्वींच उचलणारा कोलमडला तर निरोप हरवत नाहीं. तो पुन्हां रांगेंत आपल्या जागीं येऊन उभा राहतो. ही शेवटची सोय मोठी सुंदर आहे, आणि आमच्यावर जो प्रसंग आला तो नेमका तिच्यामुळेंच आला.

अशा रांगा सांभाळणाऱ्या व्यवस्था अनेक आहेत. मुंबईंत जन्मलेले विवेक रणदिवे ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अशीच एक निरोप-व्यवस्था शेअरबाजारांतील पेढ्यांसाठीं उभारली व तींत नांव मिळविलें. आमच्याकडे चालते ती रॅबिटएमक्यू ह्या नांवाची. ती २००७ सालीं निघाली, आणि ती ज्या भाषेंत लिहिली आहे त्या भाषेचें नांव आहे एर्लांग. हें नांव एका माणसाचें आहे. अॅग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) हा डेन्मार्कमधील एका खेड्यांतल्या शाळामास्तरांचा मुलगा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत तो नोकरीस होता. किती तारा ठेवल्या म्हणजे बोलूं इच्छिणाऱ्यास फार वेळ तिष्ठावें लागणार नाहीं, हा त्याचा प्रश्न. १९०९ सालीं त्यानें ह्या विषयावर निबंध प्रसिद्ध केला, आणि रांगांचें शास्त्र तेथून सुरू झालें. पुढें १९८६ च्या सुमारास स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत जो आर्मस्ट्राँग व त्याच्या सोबत्यांनीं टेलिफोनच्या कामासाठीं एक संगणकभाषा रचली, तिला एर्लांगचें नांव मिळालें.

त्या शास्त्रांतील दोन गोष्टी तुम्हांस पाटीवर करून पाहतां येतील. मिनिटास ३० निरोप येत आहेत आणि रांगेंत सरासरी ९० निरोप उभे आहेत, तर प्रत्येकास सरासरी किती वेळ थांबावें लागतें? ९० ला ३० नीं भागा, ३ मिनिटें. हा नियम इतका उघड दिसतो कीं त्यास सिद्धता हवी असें कोणास वाटणार नाहीं. परंतु ती अमेरिकेंतील जॉन लिटल ह्यांनीं १९६१ सालीं दिली. दुसरी गोष्ट तितकी उघड नाहीं. निरोप केव्हां येईल ह्याचा नेम नसेल, एकेका निरोपास किती वेळ लागेल ह्याचाही नेम नसेल, आणि उचलणारा एकच असेल, तर तो निम्मा वेळ कामांत असतांना त्याच्यापाशीं सरासरी १ निरोप असतो, हातांतला धरून. दहांतील ८ भाग वेळ कामांत असतांना ४ असतात. ९ भाग असतांना ९. आणि शंभरांतील ९५ भाग असतांना १९. काम थोडें वाढतें आणि रांग मात्र दुपटीनें वाढते. म्हणून रांग लांब दिसूं लागली तेव्हां जागें होऊं, असें म्हणणारा पहारेकरी नेहमीं उशिराच जागा होतो.

आतां पेटीविषयीं. पनवेलच्या रस्त्यानें न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या मोटारींवर लोखंडाच्या लांबलचक पेट्या तुम्हीं पाहिल्या असतील. त्यांना कंटेनर म्हणतात. १९५६ च्या एप्रिलमध्यें माल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन व्यापाऱ्यानें ५८ अशा पेट्या एका जहाजावर ठेवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेव्हांपासून मालवाहतुकीचें रूपच पालटलें. पेटींत काय आहे हें यारीवाल्यास ठाऊक असण्याचें कारण उरलें नाहीं. संगणकाच्या जगांत २०१३ सालीं डॉकर नांवाच्या साधनानें हीच कल्पना लोकप्रिय केली. प्रोग्रॅम आणि त्यास लागणारें सर्व सामान एका पेटींत बंद करावें, आणि ती पेटी कोणत्याही यंत्रावर नेऊन उघडावी. मात्र ही पेटी म्हणजे निराळा संगणक नव्हे. खालचें लिनक्स एकच असतें. तें प्रत्येक पेटीस तिच्यापुरतें जग दाखवितें व तिला किती स्मृति आणि किती श्रम मिळावेत हें ठरवून देतें. पेटी आपल्या वाट्याहून अधिक स्मृति मागूं लागली कीं लिनक्स आंतील प्रोग्रॅमास ताबडतोब ठार करतें, आणि मागें १३७ हा आंकडा ठेवतें. तसें सांगून ठेवलेलें असेल तर डॉकर पेटी पुन्हां चालू करतें. तुम्ही दर मिनिटास डोकावलांत तर प्रत्येक वेळीं ती चालू दिसेल. आणि मध्यंतरीं ती दहा वेळां मेलेली असेल.

आतां ती रात्र. आम्ही एका प्रयोगशाळेचे निकाल पाठविण्याचें काम करीत होतों. पहारा होता, नव्हता असें नाहीं. दर मिनिटास एक लहानसा प्रोग्रॅम विचारी: पेटी चालू आहे काय? दार ठोठावल्यावर ओ देते काय? दोन्ही उत्तरें होकारार्थी आलीं कीं पडद्यावर हिरवा ठिपका लागे. त्या सायंकाळीं सातच्या सुमारास एका रुग्णाच्या निकालांत मोबाइल क्रमांकाचें घर रिकामें राहिलें. उचलणाऱ्यानें निरोप उचलला, क्रमांक सांपडेना, तो अडखळला, आणि पोंच न देतां त्यानें निरोप परत ठेवला. रांगेनें नियमाप्रमाणें तो आपल्या जागीं, म्हणजे सर्वांत पुढें, उभा केला. उचलणाऱ्यानें पुन्हां तोच उचलला. हें रात्रभर चाललें, आणि त्याच्या मागें चारशेंवर निकाल ताटकळत राहिले. ठिपका हिरवाच होता. यंत्र झोपलें होतें असेंही नव्हे. तें एरवींपेक्षां अधिक राबत होतें.

त्या चारशांत डेंग्यूनें आजारी असलेल्या एका मुलाचा निकाल होता. वडिलांनीं रात्रीं दोनदां फोन केला. निकाल आपोआप येतो, थोडी वाट पाहा, असें त्यांना सांगण्यांत आलें. सांगणाऱ्याची चूक म्हणतां येत नाहीं. त्याच्या पुढ्यांतला ठिपकाही हिरवाच होता. पहांटे ते गृहस्थ स्वतः खिडकीशीं येऊन उभे राहिले, तेव्हां कागदावर छापून निकाल त्यांच्या हातीं दिला. रक्तांतील प्लेटलेट पेशी फार उतरल्या होत्या. मुलास त्याच सकाळीं इस्पितळांत ठेवलें आणि तो बरा झाला. पण त्या गृहस्थांनीं मला एक प्रश्न विचारला: "तुमचें यंत्र बंद पडलें होतें तर कोणाला कळलें कसें नाहीं?" यंत्र बंद पडलें नव्हतें, हें उत्तर माझ्या तोंडाशीं आलें होतें. तें मीं दिलें नाहीं.

चूक उघड होती. शिपाई शाळेंत आला आहे काय, एवढेंच आम्ही पाहत होतों. वहींत सह्या होत आहेत काय, हें कोणी पाहत नव्हतें. त्या आठवड्यांत आम्हीं पहारा पुन्हां बांधावयास घेतला.

त्यासाठीं निवडलेल्या साधनाचें नांव प्रॉमेथियस. ग्रीक पुराणांतील अग्नि चोरणाऱ्या वीराचें हें नांव. त्याचा अर्थ पुढचा विचार करणारा असा लावतात. २०१२ सालीं बर्लिनमधील साउंडक्लाउड कंपनींत हें साधन घडूं लागलें. त्याची रीत अशी कीं, तें कोणी येऊन सांगण्याची वाट पाहत नाहीं. ठराविक वेळानें स्वतः दारोदार जाऊन आंकडे विचारून आणतें. आम्हीं तो वेळ १५ सेकंदांचा ठेवला. ह्या रीतीचा एक लाभ सहज लक्षांत येत नाहीं. ज्या घरीं जाऊन ओ मिळाली नाहीं त्याच्या नांवापुढें शून्य मांडलें जातें. म्हणजे न बोलणें हीसुद्धां एक नोंद होते. रॅबिटएमक्यूमध्यें २०१९ सालच्या ३.८ ह्या आवृत्तीपासून असे आंकडे सांगणारी एक जोड आलेली आहे. ती उघडली म्हणजे १५६९२ क्रमांकाच्या दारावर सर्व आंकडे वाचावयास मिळतात.

आम्हीं प्रॉमेथियसलाही निराळ्या पेटींत बसविलें, आणि पहिल्याच दिवशीं फसलों. रांगेचा पत्ता म्हणून आम्हीं 'लोकलहोस्ट' असें लिहिलें होतें, म्हणजे 'हेंच घर'. परंतु प्रत्येक पेटीचें 'हेंच घर' म्हणजे ती पेटीच! प्रॉमेथियस आपल्याच घरांत रांग शोधीत बसला. दोन्ही पेट्या एका जाळ्यांत ठेवून रांगेच्या पेटीस तिच्या नांवानें हांक मारावी लागते. हें काम शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण येथें एकदां आपटतो, म्हणून मुद्दाम सांगितलें.

आंकडे आले, पण ते एकत्र बेरजेचे. सर्व रांगांत मिळून इतके निरोप, एवढेंच. रांगा हजारों असल्या तर आंकड्यांचा ढीग होऊं नये म्हणून ही काटकसर आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु आमच्या रांगा नऊच. बेरीज पाहून कोणत्या वर्गांत वही अडली हें कसें कळणार? रांगवार आंकडे मागण्याचा पत्ता निराळा आहे; तो लावल्यावर चित्र स्पष्ट झालें.

प्रत्येक रांगेचे चार आंकडे आम्ही मुख्य मानतों. उभे असलेले निरोप. उचललेले पण पोंच न आलेले. मिनिटास येणाऱ्या पोंचा. आणि दुसऱ्यांदा उचललेले. पहिले दोन पाण्याच्या पातळीसारखे चढतात-उतरतात. पुढचे दोन मोटारींतल्या मैल मोजणाऱ्या यंत्रासारखे केवळ वाढत जातात. त्यांची किंमत पाहण्यांत अर्थ नसतो, ती किती वेगानें वाढते हें पाहावयाचें असतें. पेटी नव्यानें चालू झाली कीं हे आंकडे शून्यावर येतात, आणि वेग काढतांना प्रॉमेथियस तें ओळखतो. आमच्या त्या रात्रीचे आंकडे कोणी मांडून ठेवले असते तर काय दिसलें असतें? पोंचांचा वेग शून्य, दुसऱ्यांदा उचललेल्यांचा वेग आकाशाला भिडलेला, आणि उभ्या निरोपांची सरळ चढती रेघ. तीन रेघा; दहावींतल्या मुलानेंही दुखणें ओळखलें असतें. ह्या रेघा काढून दाखविण्याचें काम ग्राफाना नांवाचें साधन करतें. पण मी तिला पहारा म्हणत नाहीं. रात्रीं दोन वाजतां आलेख पाहावयास कोण बसतें?

म्हणून इशारे. रांगेंत निरोप उभे आहेत आणि पांच मिनिटांत एकही पोंच आली नाहीं, असें झालें कीं आमच्यांतील एकाचा फोन वाजतो. पांच मिनिटें एवढ्यासाठीं कीं क्षणभराच्या अडथळ्यावर कोणाची झोंप मोडूं नये. 'लांडगा आला रे' ही गोष्ट तुम्हांस ठाऊक आहेच. उगाच वाजणारा फोन आठ दिवसांत माणसास बहिरा करतो. आरंभीं आम्हीं चाळीसांवर इशारे लावले होते, आज सातच आहेत. त्यांत पेटीच्या स्मृतीचा एक आहे. रॅबिटएमक्यूची स्वतःचीही एक मर्यादा असते. स्मृति तिच्यापर्यंत चढली कीं तें धाडणाऱ्यांना थोपवून धरतें. पेटींत चालवितांना ही मर्यादा निश्चित आंकड्यानें लिहून द्यावी, असें त्याच्या माहितीपुस्तकांतच सांगितलें आहे. कारण पेटी लहान आणि यंत्र मोठें असलें म्हणजे प्रमाणाचा हिशेब चुकण्याचा संभव असतो. तबकडीवर किती जागा उरली कीं थांबावें, ह्याचा मूळ आंकडा अवघा ५० मेगाबाइट आहे. तोही आम्हीं वाढविला.

अडलेल्या निरोपाचा बंदोबस्त सोपा निघाला. टपालखात्यांत पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठीं निराळी कचेरी असे. तशीच एक बाजूची रांग ठेवतां येते. कांहीं वेळां परत आलेला निरोप तिकडे जातो आणि मागच्यांची वाट मोकळी होते. कोरम नांवाच्या प्रकारच्या रांगांना २०२४ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून ही मर्यादा आपोआप २० ची असते. मात्र बाजूची रांग आपण नेमली नसेल तर मर्यादा ओलांडलेला निरोप टाकून दिला जातो, हें विसरूं नये. आणि त्या बाजूच्या रांगेंत एक जरी निरोप दिसला तरी सकाळीं माणसानें तो वाचलाच पाहिजे. त्यामागें कोणाचा तरी निकाल असतो.

इतकें झाल्यावर आम्हांस वाटलें, संपलें. पंधरा दिवसांनीं सरावाच्या यंत्रावर एकानें जुनी पेटी काढून नवी ठेवली, आणि सर्व रांगा रिकाम्या झाल्या. एकही इशारा नाहीं! शून्य निरोप उभे, शून्य अडलेले. आमच्या सर्व नियमांनीं पाहतां याहून सुखी रांग असूंच शकत नाहीं. झालें होतें असें कीं, रॅबिटएमक्यू आपलें सामान यंत्राच्या नांवानें ठेवतें, आणि नांव ठरवून न दिल्यास डॉकर प्रत्येक नव्या पेटीस नवें नांव देतें. जुने निरोप तबकडीवर सुरक्षित होते. परंतु नव्या नांवाचा धनी त्यांना आपले समजत नव्हता. पेटीस कायमचें नांव दिल्यावर ते परत दिसूं लागले. तेव्हांपासून एक उलटा इशारा आहे: सकाळीं आठ ते रात्रीं नऊ ह्या वेळांत दहा मिनिटें एकही नवा निरोप आला नाहीं, तरी फोन वाजतो.

तरीही एक शंका उरत होती. हे सारे आंकडे रांग स्वतःविषयीं सांगते. संदेश खरोखर माणसाच्या हातीं पडतो कीं नाहीं, हें रांगेस काय ठाऊक? शेवटीं आम्हीं जुन्या लोकांचा उपाय केला: आपणच आपल्याला पत्र टाकावें. दर पांच मिनिटांनीं एक खोटा निकाल, वेळ लिहून, इतर निकालांच्याच वाटेनें धाडला जातो. आणि कचेरींतील एका मोबाइलवर तो किती सेकंदांत पडला हें मोजलें जातें. माझ्या मतें ह्या सर्व सरंजामांतून एकच गोष्ट ठेवावयाची झाली तर हें पत्र ठेवावें.

पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा, हेंही ओघानें आलें. प्रॉमेथियस स्वतःच बंद पडला तर इशारा कोण देणार? ह्यासाठीं एक इशारा असा ठेवतात कीं जो सदैव चालू असतो. दुसऱ्या जागच्या, दुसऱ्या विजेवर चालणाऱ्या यंत्राकडे तो दर मिनिटास जातो. तो येण्याचा थांबला कीं तें यंत्र ओरडतें. गस्तवाला रात्रभर काठी आपटीत फिरतो, आणि काठीचा आवाज थांबला कीं गल्ली जागी होते, तसाच हा प्रकार.

हें सर्व बसवून झाल्यावर आमच्या वडील सहकाऱ्यांनीं एक नियम घातला. महिन्याच्या पहिल्या शनिवारीं दुपारीं, प्रयोगशाळेस आधीं कळवून, उचलणारा प्रोग्रॅम आपण होऊन बंद करावयाचा, आणि घड्याळ लावून फोन वाजण्याची वाट पाहावयाची. पहिल्या शनिवारीं आम्ही पांच जण टेबलाभोंवतीं बसलों. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं, वीस झालीं. पडद्यावर इशारा लाल होऊन लागला होता, पण फोन वाजेना. शोधल्यावर कळलें कीं इशाऱ्याच्या पत्त्यांत एका सहकाऱ्याचा क्रमांक होता, आणि ते गृहस्थ दोन महिन्यांपूर्वींच नोकरी सोडून गेले होते. त्यांना फोन केला तेव्हां ते म्हणाले, "अहो, मघांपासून तुमच्या यंत्राचे चार फोन येऊन गेले, मला वाटलें, कोणी चुकून लावीत आहे." क्रमांक त्याच सायंकाळीं बदलला. पुढच्या महिन्यांत फोन सहाव्या मिनिटास वाजला.